फुकटच्या कारंज्याखालची टाकी

दीड-दोन वर्षांचे मूल पहिल्यांदा स्प्लॅश पॅडवर सोडले की ते काय करते, हे एकदा शांतपणे बसून पाहण्यासारखे असते. सपाट, किंचित उताराची फरशी, तिच्यात बसवलेल्या तोट्यांमधून मध्येच उसळणारे पाणी, आणि त्या पाण्यापासून चार हात दूर उभे राहून हे आपल्याला काही करील का याचा अंदाज घेणारे मूल. आधी ते हात पुढे करते. हाताला काही झाले नाही हे कळल्यावर तोटीवर पाय ठेवते, आणि दाबलेले पाणी बाजूने फुर्रकन उडाले की खिदळते. मग त्याच तोटीवर बूड टेकून बसते, कारण खालून गुदगुल्या होतात. आणि शेवटी, जिथे ते बसले होते तिथेच वाकून तोंड लावते. माझ्या दोन्ही मुलांनी हाच क्रम पाळला आणि इतरांच्या कितीतरी मुलांना मी तो पाळताना पाहिले आहे: हात, पाय, बूड, तोंड. पहिल्या मुलाच्या वेळी मी हसले. दुसऱ्याच्या वेळी मात्र फरशीखालच्या टाकीचा विचार मनात आला आणि तो काही केल्या गेला नाही.

माझे म्हणणे दोन भागांचे आहे आणि ते दोन्ही एकत्रच घ्यावे लागतात. पाण्याकाठच्या सार्वजनिक जागेत लहान मुलांसाठी केलेली अशी कारंजी मोफतच असली पाहिजेत. त्यांना तिकीट लावण्याची कल्पना मला चुकीची वाटते. मात्र 'मोफत' हा शब्द प्रवेशापाशी थांबता कामा नये. तो पुढे स्वच्छतागृहापर्यंत, सावलीपर्यंत आणि जमिनीखाली साठवलेल्या पाण्याच्या रोजच्या तपासणीपर्यंत पोचला पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली जाते, ओलीचिंब मुले छायाचित्रांत झळकतात, आणि टाकीचा विषय कोणी काढत नाही. तो काढणे त्या दिवशी अप्रशस्तही दिसते. पण मग तो काढायचा कधी?

पाण्याकाठच्या या जागा मुळात कशा मोकळ्या झाल्या, हे लक्षात घेतले तर त्या मोफत का असाव्यात हेही कळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागली, जहाजे मोठी झाली, त्यांना खोल पाणी आणि विस्तीर्ण आवार लागू लागले, आणि शहरांच्या मध्यवर्ती भागातले जुने धक्के ओस पडले. अनेक पिढ्यांना ज्या नदीचे वा समुद्राचे पाणी गोदामांच्या भिंतींआडून जेमतेम दिसत होते, त्यांच्यासमोर ते अचानक मोकळे झाले. फ्रान्समधील बोर्डो शहराने गारोन नदीच्या काठावर २००६ मध्ये ३,४५० चौरस मीटरचा 'जलदर्पण' केला. काळ्या दगडी फरशीवर दोन सेंटिमीटर पाण्याचा थर साचतो, ओसरतो आणि मग धुके उठते. समोरच्या जुन्या इमारतींचे प्रतिबिंब दिसावे म्हणून तो आरसा केला होता. मुलांनी पहिल्या उन्हाळ्यातच तो आपल्या ताब्यात घेतला. अमेरिकेत सॅन डिएगो परगण्याने आपल्या प्रशासकीय इमारतीभोवतीचे वाहनतळ उखडून २०१४ मध्ये तिथे १२ एकरांचे किनारी उद्यान उभारले. तिथे ८३० फूट लांबीची कारंज्यांची रांग आहे आणि खाली पोटऱ्यांपर्यंतही न येणारे पाणी. ज्या जमिनीवर पूर्वी अधिकाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहत, तिथे आता मुले धावतात. सरकारी जमिनीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

अशा जमिनीची किंमत आकाशाला भिडलेली असते. धक्के हटले की पाठोपाठ उंच इमारती येतात, उपाहारगृहे येतात, आणि पाण्याकाठी नुसते बसण्यासाठीही काहीतरी विकत घ्यावे लागते. अशा पट्ट्यात, ज्याच्या खिशात काही नाही अशा कुटुंबाने दोन तास हक्काने घालवावेत अशी जागा म्हणजे बहुधा हीच कारंजी. इथे पोहण्याचा पोशाख लागत नाही, सभासदत्व लागत नाही, पोहता येण्याची अट नाही. चड्डीवरचे मूल आणि महागडा पोशाख घातलेले मूल भिजल्यावर सारखेच दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळाला हक्क म्हटले आहे, आणि त्याच्याही आधी, १९४७ पासून पुढची तीस वर्षे, ॲमस्टरडॅम शहराने आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराकडून रिकाम्या कोपऱ्यांवर सातशेहून अधिक लहान क्रीडांगणे करून घेतली. तीही विनाशुल्क होती आणि बहुतेकांना कुंपण नव्हते. रस्त्यावरचा दिवा आपण ज्या न्यायाने मोफत ठेवतो त्याच न्यायाने खेळही ठेवता येतो, हे त्या शहराने करून दाखवले आहे.

तिकिटाच्या बाजूने जे बोलतात त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. थोडे शुल्क लावले तर गर्दी आवरते, देखभालीला पैसा येतो आणि लोक जागेची कदर करतात, असे ते म्हणतात. पण हा युक्तिवाद लहान मुलाबरोबर कधी बाहेर न पडलेल्या माणसाचा आहे. तीन वर्षांच्या मुलाचा वेळ घड्याळावर चालत नाही. ते कधी दीड तास खेळते आणि कधी दहाव्या मिनिटाला ओठ निळे करून, दात वाजवत, टॉवेलात शिरते. तिकीट काढलेले असले की आपल्याला 'पैसे वसूल' व्हायला हवे असतात. मग कुडकुडणाऱ्या मुलाला 'अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ' करत पुन्हा पाण्यात ढकलणारे आईबाप मी सशुल्क जलक्रीडा केंद्रांत पाहिले आहेत, आणि त्या आईबापांत मीही एकदा होते. फुकटच्या कारंज्यावर तसे होत नाही. मूल थंड पडले, निघालो. उद्या परत येऊ. पोट बिघडलेल्या मुलाला घरी ठेवण्याचा निर्णयसुद्धा तिकीट आधीच काढलेले नसले तर सोपा जातो, आणि पुढे दिसेल की हा निर्णय किती महत्त्वाचा आहे. शुल्काने कदर वाढते हेही मला पटलेले नाही. शुल्काने गिऱ्हाईकपण वाढते, आणि गिऱ्हाईक आपण केलेली घाण साफ करण्याचे कामही विकत घेतले आहे असे समजते.

मात्र फुकटपणाची एक बाजू खरोखर घातक आहे. जे फुकट मिळते त्याच्याबद्दल तक्रार करू नये, अशी आपली रीत आहे. धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही म्हण आपण दुसऱ्याला गप्प करायला वापरतो आणि स्वतःलाही. एका नदीकाठच्या स्प्लॅश पॅडवर पाण्याला वास येत होता म्हणून मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले, तर माझ्याच शेजारी बसलेल्या गृहस्थांनी 'फुकटात आहे ना, मग?' असे मला सुनावले. कर्मचारी बिचारा सभ्य होता. पाणी कधी तपासले हे त्याला माहीत नव्हते, पंपघराची किल्ली दुसऱ्या कोणाकडे असते एवढे त्याने सांगितले. खांबावर पालकांसाठी नियमांचा भला मोठा फलक होता: धावू नये, खाऊ नये, काचेच्या वस्तू आणू नयेत, मुलांना एकटे सोडू नये. पालकांनी काय करावे याच्या बारा-तेरा ओळी, आणि जागा चालवणाऱ्यांनी काय केले याची एकही नाही. ही जागा धर्माची गाय नसून आपल्याच करांच्या पैशांतून विकत घेतलेली आहे, आणि तिचे दात मोजणे हे आपले कामच आहे.

आता टाकीकडे येते. स्प्लॅश पॅडला पाणी पुरवण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. एकीत पिण्याच्या पाण्याची नळजोडणी थेट तोट्यांना दिलेली असते. पाणी एकदा उडते, जाळीतून खाली जाते आणि गटाराला किंवा बागेला मिळते. दुसरीत जाळीतून खाली गेलेले पाणी जमिनीखालच्या टाकीत साठते, तिथून गाळणीतून आणि क्लोरीनमधून जाऊन पंपाने पुन्हा वर येते. दुसऱ्या पद्धतीत पाण्याची बचत मोठी होते हे उघड आहे. पण तेच पाणी दिवसभर शेकडो मुलांच्या अंगावरून, पायांवरून आणि डायपरांवरून वाहून पुन्हा त्यांच्याच तोंडात जाते, हेही तितकेच उघड आहे, आणि हे आपण स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणत नाही.

पोहण्याच्या तलावातही हेच होते, असे कोणी म्हणेल. फरक प्रमाणाचा आहे. तलावात पाणी अफाट असते आणि त्या मानाने माणसे थोडी. स्प्लॅश पॅडच्या टाकीत पाणी थोडे आणि मुले फार, तीही बहुतेक अजून शौचाचे पुरते भान न आलेल्या वयाची. त्यात पाणी बारीक फवाऱ्यांनी हवेत उडवले जाते, त्यावर ऊन पडते, आणि या दोन्हींमुळे त्यातला मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, क्लोरीन साध्या तलावापेक्षा वेगाने कमी होतो. सकाळी घातलेला क्लोरीन दुपारच्या गर्दीत पुरेलच असे नाही. म्हणून सकाळची एक चाचणी अशा ठिकाणी पुरत नाही. क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, सतत मोजून आपोआप मात्रा देणारे यंत्र हवे, आणि ते यंत्र बरोबर चालले आहे की नाही हे हाताने तपासणारा प्रशिक्षित माणूसही हवा.

शिवाय क्लोरीन सगळ्याला पुरा पडत नाही. बहुतेक जंतू त्याने काही मिनिटांत मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जाड कवचामुळे नेहमीच्या मात्रेच्या क्लोरीनमध्ये सात दिवसांहून अधिक काळ तग धरतो. आजारी माणसाच्या एका वेळच्या शौचातून त्याचे कोट्यवधी कण बाहेर पडू शकतात, आणि नव्या माणसाला आजारी पाडायला त्यांतले दहासुद्धा पुरतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सेनेका सरोवराच्या काठी असलेल्या शासकीय उद्यानात २००५ च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले. सरोवराकाठची कारंजी, मुलांची गर्दी आणि साठवण टाक्यांत शिरलेला हा परजीवी: हजारो लोक जुलाबांनी आजारी पडले. त्यानंतर त्या राज्याने पाणी फिरवून वापरणाऱ्या अशा कारंज्यांना अतिनील किरणांची यंत्रणा सक्तीची केली, कारण क्लोरीनला न जुमानणारा हा परजीवी अतिनील किरणांपुढे निष्प्रभ होतो. म्हणजे उपाय माहीत नाही अशी स्थिती गेली कित्येक वर्षे नाही.

तरीही उद्रेक थांबले नाहीत. १९९७ ते २०२२ या काळात एकट्या अमेरिकेत स्प्लॅश पॅडशी जोडलेले ६० उद्रेक नोंदले गेले आणि त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली; त्यांतली बहुसंख्य क्रिप्टोस्पोरिडियममुळे. जून २०२१ मध्ये कॅन्सस राज्यातील एका स्प्लॅश पॅडवर काही दिवसांच्या अंतराने दोन वेगवेगळे उद्रेक झाले, एक शिगेला जिवाणूचा आणि दुसरा नोरो विषाणूचा. तपासात काय आढळले ते वाचण्यासारखे आहे. रात्रभर पाणी टाकीत तसेच साचून राहत होते, ते गाळले आणि शुद्ध केले जात नव्हते. कारंज्यांकडे जाणाऱ्या पाण्यात क्लोरीनची मात्रा आपोआप सांभाळणारी यंत्रणा नव्हती. चालकांपैकी कोणी प्रमाणित प्रशिक्षण घेतल्याचा कागद नव्हता. यातली एकही गोष्ट निसर्गाची आपत्ती नाही. रात्री पंप बंद करून विजेचे बिल वाचवणे ही अगदी घरगुती, समजण्यासारखी काटकसर आहे. ती कुठे करायची असते आणि कुठे नाही, एवढेच त्या चालवणाऱ्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

त्याच वर्षी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे एका सार्वजनिक उद्यानातल्या स्प्लॅश पॅडवर खेळलेले लहान मूल नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाच्या संसर्गाने दगावले. हा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे, अमीबायुक्त पाणी नाकावाटे आत गेले तरच तो होतो, आणि त्याचा बाऊ करून मुलांना पाण्यापासून तोडणे शहाणपणाचे होणार नाही. पण त्या प्रकरणातली दुसरी बाब दुर्मीळ म्हणता येणार नाही: पाण्याच्या चाचण्या नियमितपणे केल्या जात नव्हत्या वा लिहून ठेवल्या जात नव्हत्या, हे खुद्द शहर प्रशासनाने मान्य केले. जिथे नोंदवही रिकामी असते तिथे बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच ती रिकामी राहते.

या सगळ्याच्या मुळाशी कायद्यातली एक गंमतीदार, किंबहुना खिन्न करणारी फट आहे. जलतरण तलावांचे नियम साचलेल्या पाण्याची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात: किती खोल, किती जीवरक्षक, किती क्लोरीन. स्प्लॅश पॅडवर पाणी साचतच नाही, हीच तर त्याची सुरक्षितता. पण पाणी साचत नाही म्हणून काही ठिकाणी ते 'तलाव' या व्याख्येतच बसत नाही, आणि व्याख्येत बसत नाही म्हणून तलावाच्या पाण्याची तपासणीही त्याला लागू होत नाही. बुडण्याचा धोका काढून टाकल्याचे बक्षीस म्हणून जंतूंकडे पाहण्याची गरज संपली, असा हा न्याय आहे. जमिनीवर पाणी दिसत नसेल, तरी जमिनीखाली ते साचलेलेच असते.

मग थेट नळाचे पाणी वापरणे बरे नाही का? आरोग्याच्या दृष्टीने बरेच बरे. तिथे प्रत्येक मुलाच्या अंगावर ताजे, पिण्याजोगे पाणी पडते. पण पिण्याचे पाणी तासन्‌तास गटारात सोडणे कोणत्याही शहराला शोभणारे नाही, आणि 'पाणी वाया जाते' हा आक्षेप घेणाऱ्यांना खेळाचे शत्रू ठरवणेही बरोबर नाही. त्यावर तोडगे आहेत. तोट्या सतत चालू न ठेवता बटण दाबल्यावर काही मिनिटांपुरत्या चालू करता येतात, आणि मुलांना ते बटण कारंज्याइतकेच आवडते. पाणी थांबले की पाच-सहा जण धावत खांबाकडे जातात आणि आता कोणाची पाळी यावर एक छोटी लोकसभा भरते. खाली गेलेले पाणी उद्यानातल्या झाडांना देता येते. यातली कोणतीही पद्धत निवडावी, मला दोन्ही मान्य आहेत. काटकसरीसाठी पाणी फिरवून वापरण्याची पद्धत घ्यायची आणि मग त्या पाण्याच्या शुद्धीकरणातही काटकसर करायची, हे मात्र मान्य करता येत नाही, आणि अंदाजपत्रकांत घडते ते बहुधा हेच. उभारणीचा खर्च एकदाच होतो आणि त्यावर नावाची पाटी लागते. गाळणी दर आठवड्याला धुणाऱ्याच्या नावाची पाटी कोणी लावत नाही.

स्वच्छतागृहाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पाण्याच्या शुद्धतेची सुरुवात पंपघरात होत नाही. आरोग्ययंत्रणा पालकांना सांगतात की तासातासाने मुलाला शौचालयात न्या, डायपर पाण्यापासून दूर बदला, हात धुवा. योग्यच सांगतात. पण सर्वांत जवळचे शौचालय जर चारशे पावलांवर, पायऱ्या चढून, रस्त्याच्या पलीकडे असेल आणि तिथे प्रवेशासाठी पैसे पडत असतील, तर दोन मुले घेऊन एकटी आलेली आई काय करील? एकाला नेताना दुसऱ्याला नदीच्या काठावर ठेवायचे की दोघांनाही ओल्या पायांनी फरफटत न्यायचे? ती काहीच करणार नाही, मूल तोटीवर बसेल, आणि उरलेले काम कारंजे करील. पाण्यात घालायचा डायपर पातळ शौच अडवू शकत नाही. तो फक्त थोडा उशीर करतो. म्हणून प्रवेश मोफत आणि शौचालय सशुल्क वा दूर, ही व्यवस्था मला अर्धवट न वाटता सरळ उलटी वाटते. पैसे दोनपैकी एकाच गोष्टीवर घालता येत असतील, तर दहा तोट्या कमी कराव्यात आणि जवळ एक शौचालय बांधावे, ज्यात डायपर बदलायला फळी असेल आणि साबण असेल.

पाण्याकाठच्या जागेला आणखी एक वेगळा धोका असतो, जो गावाच्या मध्यभागी असलेल्या कारंज्याला नसतो. स्प्लॅश पॅड मुलाला शिकवते की पाणी हा खेळगडी आहे. त्यात पडले तरी लागत नाही, तोंडावर आले तरी श्वास घेता येतो, वाटले तेव्हा बाहेर येता येते. हा धडा चांगला आहे. पण त्या धड्यापासून तीस पावलांवर खोल, गढूळ, वाहते पाणी असते आणि त्याला यातले एकही वाक्य लागू होत नाही. माझी धाकटी तीन वर्षांची असताना कारंज्यातून निघाली आणि धक्क्यावर उतरलेल्या बदकामागे थेट पळत सुटली. ओल्या पायांची ती चपचप अजून माझ्या कानांत आहे. काठाला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा होता, दृश्य अडू नये म्हणून मुद्दाम बुटका ठेवलेला. तिच्या दृष्टीने ती चढायची पायरी होती. मी वेळेवर पोचले. पोचण्यासाठी मला मोठ्याला सोडून धावावे लागले, हे मला नंतर कळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. हीच संघटना जे उपाय सुचवते त्यांत पाण्यापर्यंत पोचू न देणारे अडथळे आहेत आणि शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठी पाण्यापासून दूर अशी सुरक्षित जागा आहे. धक्क्यावरच्या स्प्लॅश पॅडचा आराखडा करणाऱ्याने हे दोन्ही उपाय एकत्र कसे बसवायचे याचे उत्तर आधी द्यावे आणि मग तोट्यांचे रंग ठरवावेत. कारंज्यांभोवती कमरेएवढे कुंपण आणि बाहेर पडायला एकच वाट, तीही नदीच्या विरुद्ध दिशेला; बसायचे बाक त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मूल निघाले तर कोणाच्या ना कोणाच्या पायांत येईल. हे करायला फार पैसा लागत नाही. ज्यांना कुंपणाने सौंदर्य बिघडते असे वाटते त्यांनी दोन लहान मुले घेऊन एक दुपार तिथे बसून पाहावे.

सावलीचे काय ते लिहायची गरज पडू नये, पण पडते. उन्हापासून सुटका म्हणून केलेली जागाच उघडी, बिनझाडांची आणि कोरडी असताना पाय पोळणारी असेल, तर तिचा उपयोग सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर.

या सगळ्यात पालकांची जबाबदारी कुठे आहे, असा प्रश्न येईल आणि तो यायलाच हवा. जुलाब झालेल्या मुलाला तिथे आणणे हा अपराध आहे, मग मूल कितीही हट्ट करो. आणि क्रिप्टोस्पोरिडियमचा आजार झाला असेल तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे पाण्यात उतरवू नये असे डॉक्टर सांगतात, कारण कण तोवर पडतच असतात. पाणी पिऊ नकोस हे सांगत राहिले पाहिजे, तोटीवर बसलेल्याला उठवले पाहिजे, हातातल्या फोनवरून नजर काढली पाहिजे. हे मी स्वतःला सांगते आणि दर वेळी पाळतेच असेही नाही. पण एवढे सगळे नीट पाळणारी आईसुद्धा शेजारच्या मुलाच्या पोटात काय चालले आहे हे पाहू शकत नाही, आणि क्लोरीन किती आहे हे तर नुसत्या डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही. दीड वर्षाचे मूल पाणी पिणार, हे गृहीत धरूनच त्या पाण्याची रचना करायला हवी. मुलाच्या स्वभावाविरुद्ध फलक लावून यंत्रणेतली उणीव भरून निघत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि तिला फारसा खर्चही येत नाही. पालकांच्या नियमांच्या फलकाशेजारी दुसरा एक फलक असावा, खडूने लिहिण्याचा असला तरी चालेल. त्यावर आजची तारीख, पाणी नळाचे की टाकीतले, शेवटची चाचणी किती वाजता झाली, क्लोरीन किती, पीएच किती, गाळणी कधी धुतली, आणि खाली तपासणाऱ्याची सही. सही महत्त्वाची, कारण आकडा कोणीही लिहितो; सही करणाऱ्याला मात्र पंपघराची किल्ली कुठे आहे हे माहीत असावे लागते. सामान्य माणसाला हे आकडे कळणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी पालकांना कमी लेखू नये. ज्या माणसाला बाळाचा ताप दशांशापर्यंत लक्षात राहतो, त्याला क्लोरीनचे प्रमाण किती असावे हे आठवड्याभरात पाठ होते.

असा फलक लावला तर एखाद्या दिवशी आकडा वाईट येईल आणि कारंजी बंद ठेवावी लागतील, अशी भीती चालवणाऱ्यांना वाटते, आणि ती खरी आहे. असे दिवस येतील, बहुधा ऐन उन्हाळ्यात आणि सुटीच्याच दिवशी. मुले कोरड्या फरशीवर उभी राहून पुन्हा पुन्हा बटण दाबतील, काही भोकाड पसरतील, आणि त्यांना समजावण्याचे काम आम्हा पालकांवर येईल. ते आम्ही करू; 'आज नाही' हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणण्याची आम्हाला सवय असते. आज का नाही, एवढे मात्र त्या फलकावर लिहिलेले असावे.